झडतीवाला

"काका, डोळे मिटा," योगबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

झडतीवाल्याने पापण्या खाली ओढल्या आणि बारीकशी फट ठेवली. कारखान्याच्या फाटकावर सुटणाऱ्या पाळीचे डबे, पिशव्या, खिसे तपासण्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्त झाला, तरी डोळा लागला की माल गेला, हे डोक्यातून जात नव्हतं. मन, शरीर आणि आत्मा जुळवायला चटईवर उताणं पडायचं, ही भानगड त्याच्या पचनी पडणारी नव्हतीच. तो आला होता बायकोवर नजर ठेवायला.

तीन महिने ती रोज सकाळी इथे यायची. परतताना चेहरा उजळलेला असे आणि दारात पाऊल ठेवताच मावळे. इथे काय करतेस म्हटलं, तर श्वास घेते म्हणायची. श्वास काय घरात मिळत नाही? पाणी कुठेतरी मुरत होतं. दारात तो तिची पिशवी तपासायचा, तीही उघडून धरायची. लग्नानंतर थट्टेत सुरू झालं होतं ते. पुढे थट्टा गळाली, झडती राहिली.

फटीतून त्याने वर्ग न्याहाळला. आठ-दहा बायका, दम्याचे एक मास्तर, खिडकीत मांजर. संशय घ्यावा असं त्या मांजरातही काही नव्हतं.

मग त्याने शेजारी पाहिलं. बायको तळहात उघडे टाकून पडली होती. कपाळावरची आठी गेली होती. इतकी निर्धास्त ती त्याने लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिली नव्हती. त्याला आधी राग आला, मग भीती वाटली. हे ती घरी का आणत नाही?

वर्ग सुटल्यावर बायको चपला शोधत होती, तेव्हा त्याने योगबाईंना गाठलं आणि ही इथे कुणाशी काय बोलते, असं हळूच विचारलं.

"काही नाही बोलत," त्या म्हणाल्या. "पहिला महिनाभर जाताना पिशवी उघडून माझ्यापुढे धरायच्या. मी म्हटलं, काकू, इथे कुणी बघत नाही. त्या दिवशी खूप रडल्या."

रस्ताभर तो मनाशी मोजत राहिला. एकतीस वर्षांत चोर सापडले होते चार. बाकी सगळ्यांनी नुसतेच हात वर केले होते.

घराचं कुलूप काढून तो आत गेला आणि वळला. ती उंबऱ्याबाहेर थांबली होती. चेहरा मावळला होता. पिशवी उघडी होती.

"राहू दे," तो म्हणाला.

तिला वाटलं, आज नीट तपासायचं असेल. तिने टॉवेल बाहेर काढला, पाण्याची बाटली काढली आणि रिकामी पिशवी तळ दिसेल अशी त्याच्यापुढे धरली.

त्याने डोळे मिटले, या वेळी पुरते. बाजूला सरकून दार धरलं आणि तिच्या पावलांची वाट पाहत उभा राहिला. बराच वेळ ती वाजलीच नाहीत.