पुण्याच्या ढगाखालचं गवत

पुणे : आकाश ढगाळ. संध्याकाळी मेघगर्जनेसह पाऊस.

खातेगाव : ऊन. वासंतीच्या दोन म्हशी सावलीसाठी एकमेकींना ढकलताहेत.

हवामान वासंतीचे सासरे कृष्णराव मराठी वाहिनीवरच ऐकतात. घराणं दरबाराबरोबर माळव्यात आलं त्याला पिढ्या लोटल्या, पण हिंदीत सांगितलेला पाऊस त्यांना अजून अघळपघळ वाटतो.

घरामागे गवताचं रान, इथल्या बोलीत बीड. तुरे आलेत. आत्ता कापलं तर हिरवं वाळेल आणि म्हशी उन्हाळाभर दूध देतील. उशीर झाला तर बी झडून नुसत्या काड्या उरतील. दूध विकते वासंती, म्हणून हे सासऱ्यांना सांगितलंही तिनेच. ते म्हणाले, कापलेल्यावर पाऊस पडला तर सगळं कुजेल.

पाऊस कुठाय, तिने विचारलं.

त्यांनी टीव्हीकडे बोट केलं.

पुणे : परतीचा पाऊस रेंगाळला.

खातेगाव : शेजारच्या अमनच्या गवताची गंजी रचूनही झाली. तो कुंपणाशी आला.

"दासाब, पानी तो पूना में गिर रिया है. भैंस इधर बंधी है नी."

कृष्णरावांनी त्याला सह्याद्री ढग कसे अडवतो ते समजावून सांगितलं.

घरची रीत अशी, की कर्त्या पुरुषाने कुंकू लावल्याशिवाय विळा बीडात न्यायचा नाही. विळा देवघरात होता, पुण्याच्या परवानगीची वाट बघत. वासंतीने रीत मोडली नाही. तिने अमनचा विळा मागून आणला. सासरे दुपारच्या बातम्यांपुढे बसले, की ती उतारापलीकडचं गवत कापायची. मागच्या ओट्यावरून ते दिसत नाही.

पुणे : आकाश निरभ्र.

खातेगाव : तेच, कधीपासून.

कृष्णरावांनी सोवळं नेसून विळ्याला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मागच्या ओट्यासमोरचं पिवळं गवत कापलं. उरलंसुरलं बी त्यांच्या सोवळ्यावर झडलं. फोटो पुण्याच्या भाच्याला गेला. भाच्याने जोडलेले हात पाठवले.

थंडी पडल्यावर त्यांनी मानाची पहिली पेंढी स्वतः म्हशीपुढे टाकली. म्हशीने हुंगली, नाक फुरफुरवलं आणि मान वळवून मागच्या गंजीतलं ओढून खाऊ लागली. हे गवत हिरवट होतं. कृष्णरावांनी मूठभर उचलून वास घेतला.

"हे कुठलं?"

"आपलंच. उतारापलीकडचं."

"आणि कुंकू?"

"विळा अमनचा होता, मामंजी."

त्यांनी पेंढी दुसऱ्या म्हशीपुढे सरकवली. दुसरीही तिकडेच वळली होती.

"म्हशी माळवी आहेत," ते शेवटी म्हणाले. "त्यांना काय कळणार."

वासंतीने चरवी घेतली आणि धारेला बसली.

खातेगाव : दूध भरपूर.

पुणे : माहिती उपलब्ध नाही.