गाभ्यावाचून

कार्तिकातली निश्चल, शिसवर्णी दुपार. ओहोटीने उघडे पडलेले कृष्णकातळ, शेवाळगंधित, मौनमग्न. आणि कातळावरच्या जुन्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर ओणवलेली हेमांगी केळुसकर.

होडीवाल्या भिवा तांडेलाने सकाळीच कपारींतून सागरी अर्चिन, चेंडूसारखे गोल, काटेरी, जांभळे जीव, आणून दिले होते. त्यांची रजःकणाएवढी अंडी तिने यंत्रात गरगर फिरवून दुभंगवली. एका अर्ध्यात केंद्रक, म्हणजे पेशीचा गाभा, गेले. दुसऱ्यात उरले नुसते पेशीद्रव: पित्याचा स्पर्श नाही, मातेचा गाभा नाही. त्या पोरक्या अर्ध्यांना तिने अतिखार पाण्यात थोडा वेळ न्हाऊ घातले, पुन्हा समुद्रजळात सोडले, आणि वाट पाहिली.

काही वेळाने त्यांतल्या एका रित्या, रंगहीन गोलावर एक चीर उमटली.

एकाचे दोन झाले. दोनांचे चार. आज्ञा द्यायला आत कुणी नव्हते; तरी ते दुभंगत राहिले, लयीत, विधिवत, निर्मनुष्य देवळात आपोआप घणघणणाऱ्या घंटेसारखे. तिच्या मानेवर काटा सरसरला.

"भिवाकाका, बघा हे."

म्हाताऱ्याने भिंगाला डोळा लावला. "वाढता हा मां! म्हंजे जीव आसा ह्येच्यात."

"गाभाच नाही, काका. अंडं घडताना आईने जे आत भरून ठेवलं, त्याच्यावर चाललंय."

"आनि किती दीस चालतला?"

"ते सरेपर्यंत."

स्वतःच्याच आवाजाने ती दचकली. आठ दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या: पिशवी वाढतेय, पण आत गर्भ नाही, रिकामी करावी लागेल. दोनदा तपासले, दोनदा तेच. तिने कुणालाच सांगितले नव्हते. पहाटेच्या ओकाऱ्या थांबत नव्हत्या. स्तन जडावत होते. तिचा आंधळा, एकनिष्ठ देह कुणा न आलेल्यासाठी अजून अंथरूण घालत होता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पात्रातले, केंद्रक मिळालेले अर्धे गिरक्या घेत पोहू लागले. हा मात्र शेकडो पेशींचा गोल होऊन जागीच थांबला. आतडे नाही, अस्थी नाही, दिशा नाही. तिसऱ्या सकाळी तो भिजल्या साखरेसारखा, निःशब्द, विरघळून गेला.

ते पात्र ती किती तरी वेळ ओंजळीत धरून बसली. मग उठली, नवऱ्याला फोन केला, थोडे बोलली, पुष्कळ रडली.

"काका, खाडीपल्याड सोडाल? दवाखान्यात जायचंय."

"एकटीच, बाय?"

"नाही. हे धक्क्यावर येतायत. आत्ताच सांगितलं त्यांना."

होडी निघाली. मागे, मंद हिरव्या पाण्यावर, फेसाची एक शुभ्र चीर उमलत गेली, थरथरली, आणि हलके, हलके, मिटत गेली.