उजवीकडून पुसायची संख्या

त्या रविवारी संध्याकाळी अच्युतरावांनी मला नेहमीप्रमाणे खडूने लिहिले: ७३९३९१३३. बरखेड्यातल्या त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात एक लोखंडी पत्रा टांगलेला होता. कारखान्याच्या टर्बाइन शॉपमध्ये पोलादावर खडूने मापे लिहिण्यात त्यांचा जन्म गेलेला. कागदावर त्यांचा हात चालत नसे.

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. मी मूळ संख्या. एक आणि मी स्वतः, याखेरीज मला कशानेही पूर्ण भाग जात नाही. माझा उजवीकडचा शेवटचा अंक पुसा, उरते तीही मूळच. पुन्हा पुसा, पुन्हा मूळच, थेट सातापर्यंत. असा गुण असलेली माझ्याहून मोठी संख्या नाही. उजवीकडे आणखी कोणताही अंक लावा, मला भाग जातो, मी तुटते. माझ्यापुढे वाट नाही.

मी या पत्र्यावर आले तेव्हा त्यांची कमलिनी शाळेत होती. बाबा ड्यूटीवरून आले की ती शेजारी बसे, अंक पुसे आणि भाग देत राही.

"जातोय?"

"नाही, बाबा."

"मग पूस पुढचा."

मोठ्या भागाकारांत त्यांच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. पुढे ती महाराणा प्रताप नगरातल्या एका ऑफिसात लागली, तरी रविवारी येतच राहिली. त्या रविवारी शेजारचे काशिनाथकाका कुंपणावरून ओरडले, "अरे अच्युत, पोरीला चाय तर पिऊ दे! रिटायर झालास, पण शिफ्ट काही सोडत नाहीस."

"तू तुझ्या मोगऱ्याला पाणी घाल," अच्युतराव म्हणाले. सगळे हसले.

सोमवारी सकाळी त्यांना पक्षाघाताचा झटका आला.

इस्पितळातून ते परतले, तेव्हा उजवा हात गेला होता आणि बोलणेही. कमलिनीने मला पत्र्यावर लिहिले आणि त्यांची खुर्ची जवळ ओढली. त्यांनी डावा हात उचलला आणि डावीकडचा सात पुसला. उरली ३९३९१३३. तिला अकराने पूर्ण भाग जातो. इतकी वर्षे न तुटलेली मी त्यांच्याच हातून तुटले. कमलिनीला ते लगेच कळले.

"बरोबर, बाबा," ती म्हणाली.

त्यानंतर मला कोणी लिहिले नाही. मित्रांनो, मला जपू नका. मला गंज चढत नाही, वय होत नाही. लिहिणारा हात जपा, तोही जमेल तितकाच. फार काही जमत नाही.

हिवाळ्यात अच्युतराव गेले. त्यांना व्हरांड्यात ठेवले होते. काशिनाथकाका हळूच म्हणाले, "बेटा, गाडी आली आहे."

कमलिनी बाबांच्या कानाशी वाकली, पण बोलली ते सगळ्यांना ऐकू आले.

"बाबा, मला गणित कधीच आवडले नाही. तुमच्याजवळ बसायला मिळायचे, म्हणून यायचे मी."