नव्वद मार्कांची पंगत

“नव्वद,” मंदावहिनी म्हणाल्या आणि टाळ पिशवीत भरायला लागल्या.

सुचेताच्या हातातला चहाचा कप हवेतच राहिला. “किती?”

“नव्वद. शंभरपैकी.”

“परवाच्या पिक्चरला? वहिनी, बरं वाटतंय ना तुम्हाला?”

दर सोमवारी दुपारी आमच्या क्वार्टरमध्ये विष्णुसहस्रनाम व्हायचं, दोन-तीन भजनं व्हायची, आरती व्हायची आणि प्रसाद हातावर पडला की सगळ्या जणी शनिवारच्या सिनेमावर यायच्या. भोपाळात टीव्ही यायच्या आधीची ही गोष्ट. उन्हाळ्यात दर शनिवारी कारखान्याच्या क्लबच्या मैदानात दोन खांबांना पडदा बांधून पिक्चर दाखवत. घरून खुर्ची नाहीतर सतरंजी न्यायची, पाण्याची सुरई न्यायची. मीही जायची. देवाचं नाव ओठात ठेवून पडद्याकडे बघायला कुठल्याच व्रतात मनाई नाही, असं आमचे हे म्हणायचे आणि मला ते पटायचं.

मार्क द्यायचे मात्र मंदावहिनींनी. लग्नाआधी उज्जैनला त्या शाळेत शिकवत होत्या, म्हणून हे काम आपोआप त्यांच्याकडे आलं. हात भारी कडक. “पस्तीस. तेही नायिकेच्या आईकडे बघून.” किंवा “नापास. पुढच्या वर्षी परत बसा म्हणावं.” साठाच्या वर आजपर्यंत कुठलाच पिक्चर गेला नव्हता. आणि आता एकदम नव्वद.

“अहो ताई, मी तर मधेच झोपून गेले होते,” कमलिनी म्हणाली. ती इंदूरची. “ह्यांनी उठवलं, चल, पिक्चर खतम झाला म्हणून. इतकं बोर कुणी बनवतं का?”

“पण पंगत बघितलीत ना त्यातली?” मंदावहिनींचा चेहरा कसा उजळला होता. कित्येक महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. “लग्नाची पंगत हो. अख्खी ओळ जेवायला बसलेली. म्हातारी माणसं, सोवळ्यातले भटजीसुद्धा. आणि सगळे डाव्या हाताने जेवतायत. इतकं सहज, की जसं काही जगात असंच जेवतात.”

सुचेताने कपाळावर हात मारला.

“डाव्या हाताने? अगं बाई, वहिनी! तुम्ही परल्या बाजूने बघितलात!”

आता सगळ्यांच्याच डोक्यात प्रकाश पडला. पडदा पांढऱ्या कापडाचा. मागच्या बाजूनेही त्यावर चित्र दिसायचं, फक्त उलटं. आरशात दिसावं तसं. तिकडे गवतात ठेकेदाराची मजूर माणसं, माळी, दूधवाले असे सगळे बसत. क्लबचे मेंबर कुणी तिकडे फिरकत नसत.

“तरीच!” कमलिनी म्हणाली. “मागच्या वेळी म्हणत होत्या, हिरॉइननं पदर उजव्या खांद्यावर का घेतला, मारवाडी आहे का ती!”

“म्हणजे आमच्या परीक्षक बाई पेपर उलटा धरून तपासतात!” सुचेता म्हणाली आणि खो खो हसत सुटली. पुण्याची आहे ती. जीभ तिखट, पण मनात काही नसतं. बाकीच्याही हसल्या. मंदावहिनीसुद्धा थोडं हसल्यासारखं करून उठल्या. “दूध तापवायचं राहिलंय,” म्हणाल्या आणि चप्पल घालून निघाल्या. चहा तसाच होता.

मला हसू आलं नाही. मंदावहिनींचं क्वार्टर मैदानाच्या मागच्या अंगाला आहे, आणि त्यांच्या यजमानांना, अच्युतरावांना, अंथरुणाला खिळून किती महिने झाले, हे काय कुणाला ठाऊक नव्हतं? पण माणूस रोज दिसला की त्याचं दुःख विसरायला होतं. आमचं तसंच झालं होतं.

अच्युतराव टेंबे कारखान्यात वाइंडिंगमध्ये होते. मोठ्या मोटारींच्या आत तांब्याच्या तारा बसवायच्या, त्याही अशा की एकीला दुसरीचा धक्का लागता कामा नये. आमचे हे म्हणायचे, टेंब्यांचा हात म्हणजे देवघरात गंध लावणाऱ्याचा हात. घरीही तसेच. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, चित्राहुती घातल्याशिवाय घास नाही. संक्रांतीच्या सुमाराला झटका आला आणि उजवं अंग गेलं. बोलणंही जवळजवळ गेलं. कारखान्याच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या हाताने जेवायची सवय करा, म्हणजे ताकद येईल.

त्यांनी डावा हात ताटाला लावलाच नाही. उभ्या जन्मात ज्या हाताने अन्नाला शिवले नव्हते, त्याने जेवायचं कसं? मंदावहिनी भरवायच्या, तेव्हा चारदोन घास घ्यायचे आणि तोंड भिंतीकडे फिरवायचे. बायकोने भरवावं याची लाज वाटायची त्यांना. माणूस दिवसेंदिवस झिजत चालला होता. मंदावहिनी एकदा मला हळूच म्हणाल्या होत्या, “हे आजाराने जायचे नाहीत हो शशीताई. उपाशी राहून जातील.”

पुढच्या सोमवारी मंदावहिनी आल्या नाहीत. मार्कांशिवाय प्रसादाची चव गेली.

“रागावल्या वाटतं,” सुचेता म्हणाली. “मी गंमत केली होती गं.”

दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लावला आणि मी त्यांच्याकडे गेले. त्या मागच्या व्हरांड्यात भाजी निवडत बसल्या होत्या. अच्युतरावांची कॉट तिथेच होती. समोर कुंपण, कुंपणापलीकडे कडुनिंब आणि त्यांच्यामधून क्लबच्या पडद्याचे ते दोन खांब.

“रागावलात का?” मी विचारलं.

“छे हो. रागावते कशाला? पण पुन्हा तेच निघालं असतं. परली बाजू, उलटा पेपर. मला उत्तर देता आलं नसतं. आणि सांगितलं असतं तर यांचं हसं झालं असतं.”

मी शेंगा निवडायला घेतल्या. जरा वेळाने त्याच आपणहून बोलायला लागल्या.

“खोलीत फार उकडतं म्हणून यांची कॉट इथे आणली. शनिवारी पडदा लागला की यांना तेवढीच करमणूक. आवाज वारा असेल तसा येतो. मी शेजारी बसते. नावं उलटी येतात, अक्षरं उलटी. यांना कळत नाही असं समजू नका. मोटारीचा नकाशा उलटासुलटा वाचण्यात जन्म गेला यांचा. मला खुणेनं सांगायचे, बघ, गाडी चुकीच्या बाजूने चाललीये.” त्या हसल्या. “आणि त्या शनिवारी ती पंगत आली. ओळीने पानं मांडलेली, आणि सगळी माणसं डाव्या हाताने भात कालवतायत. भटजीसुद्धा, हो. मी यांच्याकडे बघितलं. हे हसत होते. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते. झटका आल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, होऊन जाऊ दे, एवढं तरी.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी दुपारी ताट आणून ठेवलं आणि पाणी आणायला आत गेले. परत येऊन बघते तर डावा हात भातात. बोटं वळत नव्हती, निम्मा भात मांडीवर. पण जेवत होते. मला बघून पाठ फिरवली. मी परत आत गेले आणि चुलीपाशी बसून राहिले. तेव्हापासून दोन वेळा जेवतात. पाठ करून, पण पोटभर.” त्यांनी डोळे पुसले. “आता सांगा, नव्वद द्यायचे नाहीत तर काय?”

“मग शंभरच का नाही दिलेत?”

“गाणी टाकाऊ होती,” मंदावहिनी म्हणाल्या. “दहा त्याचे.”

मी कॉटकडे बघितलं. अच्युतराव डोळे मिटून पडले होते, पण ऐकत होते. गालांवर किंचित मांस आलं होतं. मी मनात देवाला हात जोडले. आणि ज्यानं कुणी तो रटाळ पिक्चर काढला असेल, त्यालाही जोडले. त्या बापड्याला काय माहीत, त्याच्या दोन मिनिटांच्या पंगतीत कोण जेवून उठलं ते.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. अधिक महिन्यात मी मेहूण जेवू घालते. नवराबायकोला लक्ष्मीनारायण समजून पाय धुवायचे, पानावर बसवायचं, पोटभर वाढायचं. त्या वर्षीचं मेहूण कोण, ते मला त्या व्हरांड्यातच कळलं. मी बोलून गेले.

मंदावहिनी घाबरल्याच. “नाही हो शशीताई. माझ्यासमोर जेवत नाहीत, तर चार माणसांत कुठले? पानावर बसून तसेच उठले तर तुमचं व्रत मोडेल. आणि इतक्या कष्टानं धरलेली जेवणाची वाटही हे सोडून देतील. नको.”

ते खरं होतं. मी कॉटपाशी गेले, पदर सारखा केला. “अच्युतराव, माझ्याकडे मेहूण म्हणून याल का? नाही आलात तर दुसऱ्या कुणाला बोलवायची नाही मी.”

त्यांनी डोळे उघडले. खूप वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली. हो की नाही, ते मला नीट कळलं नाही. मी हो धरलं.

सुचेताला मी घरी बोलावून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचं नाक लाल झालं. “मी काय करू आता?” म्हणाली.

“पुरण वाटायला ये.”

मला वेगळीच चिंता होती. पान असतं त्याला एक रीत असते. पानाचं टोक डावीकडे, मीठ मधे, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे. उजव्या हाताला सोपं जावं म्हणूनच असणार ते. डाव्या हाताने जेवणाऱ्याला ते पान परकं. हात आडवा पडणार, सांडणार, ओशाळवाणं होणार. पान उलटं वाढलं तर सोपं जाईल. पण आमच्याकडे पान उलटं वाढतात ते फक्त श्राद्धाला. आणि मी वाढणार कुणाला, तर मेहुणाला. जिवंत माणसाला, तेही दुखण्यातून उठलेल्या. मनात नको नको ते यायला लागलं.

सकाळी वाती वळताना मी ते सगळं देवापुढे ठेवलं. उत्तर काही आलं नाही. पण तिथे बसल्या बसल्या एक सुचलं. मी पुढ्यात उभी राहून वाढते, तेव्हा जेवणाऱ्याचं डावं ते माझं उजवंच असतं. इतकी वर्षं मी उलटंच बघत वाढत आले आहे, आणि देवानं ते गोड करून घेतलंय.

केळीची पानं आमचे हे हबीबगंजला एका मित्राच्या अंगणातून सायकलला बांधून घेऊन आले. अच्युतरावांना दोघांनी धरून रिक्षातून आणलं. पाटावर बसता येईना, म्हणून देवघरासमोर टेबल-खुर्ची मांडली. शेजारी मंदावहिनी. मी दोघांचे पाय धुतले. अच्युतरावांचा उजवा पाय हातात घेतला तेव्हा तो गार होता. त्यांनी मान खाली घातली.

अच्युतरावांचं पान मांडलं. टोक उजवीकडे. मीठ मधे. मग चटणी घेऊन मी क्षणभर थांबले आणि उजवीकडे वाढली. मंदावहिनींनी ते बघितलं आणि डोळे आपल्या पानाकडे वळवले. मागून सुचेता लिंबाच्या फोडी घेऊन आली. सवयीने हात डावीकडे गेला, तसाच हवेत थांबला आणि तिने फोड उजवीकडे, चटणीच्या वर ठेवली. एक शब्द नाही. सुचेताच्या बाबतीत हे काही साधं नव्हे. भाज्या डावीकडे आल्या, वरणभाताची मूद मधे, त्यावर तूप.

“करा सावकाश,” मी म्हटलं.

अच्युतराव पानाकडे बघत राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी ते वाचलं म्हणा ना. आत कमलिनी पुऱ्या तळत होती, तिचा झाराही थांबला. मंदावहिनींनी पहिला घास हातात धरून ठेवला होता.

मग अच्युतरावांनी डावा हात उचलला. तळहातावर पाणी घेतलं, पानाभोवती फिरवलं, बरंचसं टेबलावर सांडलं. चित्राहुती घातल्या, एक एक करून, शांतपणे. भात कालवला. घास तोंडापर्यंत गेला तेव्हा मी आत निघून गेले. उभं राहून बघत बसायला तो काही सिनेमा नव्हता.

पुऱ्या नेल्या, पुरण नेलं. त्यांनी पाठ फिरवली नाही. सुचेता भीत भीत कोशिंबीर घेऊन गेली आणि पातेली रिकामी घेऊन आली. सगळ्यांची जेवणं चालू झाली, कमलिनी म्हणायला लागली, “ह्या शनिवारी पिक्चर चांगला आहे म्हणून राहिले लोक,” आणि मंदावहिनी म्हणाल्या, “बघू. आधी बघू तरी द्या.”

शेवटी मी अनारशांचं ताट घेऊन गेले. दोन अच्युतरावांच्या पानात वाढले, ते त्यांनी संपवले. मी आग्रहाने तिसरा पुढे केला. “एवढा घ्याच. मेहूण आहात.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले, आणि पोट भरलेल्या पाहुण्यासारखा डावा हात पानावर आडवा धरला.