न दिलेला धक्का

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे, आणि माझे सारे आयुष्य दुसऱ्यांना सुरू करून देण्यात गेले आहे.

हे काम समजून घ्यायचे तर आधी आमच्याकडची शर्यतीची गाडी पाहा. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या टॅल्बर्ट काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर मातीची लंबगोल धावपट्टी आहे. उन्हाळ्यात दर शनिवारी तिच्यावर स्प्रिंट गाड्या धावतात. पाठीवर पत्र्याचे रुंद पंख, अंगात नऊशे घोड्यांचे बळ आणि मालकाच्या मनात त्याहून मोठा अहंकार, असे या गाडीचे वर्णन करता येईल. तिला फक्त एक गोष्ट येत नाही. तिला स्वतःहून सुरू होता येत नाही. वजन वाचवण्यासाठी तिच्यात स्टार्टर ठेवत नाहीत, बॅटरीही नाही. मग तिच्या मागे मला उभे करतात. माझा बंपर तिच्या मागच्या दांड्याला टेकतो, मी तिला धक्का देत नेतो, तेलाचा दाब चढला की चालक कळ दाबतो आणि ती मागे न पाहता निघून जाते. ही तक्रार नव्हे. तिला मागचा आरसाच नसतो. शर्यतींचा इतिहास लिहिणाऱ्यांनाही तो नसावा, कारण विजेत्यांच्या यादीत धक्का देणाऱ्याचे नाव मला आजवर आढळलेले नाही.

माझा जन्म मिशिगनच्या एका कारखान्यात झाला. त्या काळी बंपर लोखंडाचे असत, कारण ते आपटण्यासाठी आहेत अशी लोकांची भाबडी समजूत होती. सुरुवातीला मी मक्याचे बियाणे वाहिले. पुढे व्हर्लिन होक्स्ट्राने मला घेतले. व्हर्लिन स्वतः शर्यतपटू. गुडघे बोलू लागले तेव्हा त्याने हेल्मेट खुंटीला टांगले, माझ्या बंपरवर ओकची फळी ठोकली, फळीवर जुन्या टायरचे रबर बसवले आणि मला मैदानावर आणले.

त्याचे दोन मित्रही पुढे आपापले ट्रक घेऊन याच कामाला लागले; मैदानावर धक्का देणारे ट्रक या तिघांचेच. ऑरिन कुबिचेकने शर्यती सोडल्यावर बरीच वर्षे मैदानाचा ग्रेडर चालवून माती सपाट केली होती. डेल्मार टेस्डाल मात्र उशिरापर्यंत धावत राहिला. एका कोरड्या संध्याकाळी तिसऱ्या वळणावरच्या खड्ड्यात त्याचे चाक गेले आणि गाडी कोलांट्या खात कुंपणापर्यंत पोहोचली. तिला धक्का मीच दिला होता. तेव्हापासून डेल्मारची मान वळत नाही. कोणी हाक मारली की तो अख्खा देह वळवतो, आणि हाक मारणाऱ्याला उगाचच आपण मोठे असल्यासारखे वाटते.

या मैदानाची एक जुनी रीत होती. शर्यतीआधी मातीला टाच रुतेपर्यंत पाणी पाजायचे आणि ओली माती चाकांनी दाबून बसवायची. त्यासाठी प्रत्येक चालक, मग तो मागच्या आठवड्याचा विजेता असो की शेवटून पहिला, संथ फेऱ्या मारी. आम्ही ट्रकही मागोमाग फिरत असू. चिखल सर्वांच्या अंगावर सारखाच उडे. समतेवर या देशात भाषणे पुष्कळ झाली, पण तिचे इतके प्रामाणिक प्रात्यक्षिक मी अन्यत्र पाहिले नाही.

ती रीत कशी गेली हे सांगायला तीन वाक्ये पुरतील. गाड्यांवर प्रायोजकांचे स्टिकर आले. स्टिकरला चिखल चालेना. मग शर्यत इंटरनेटवर दाखवू लागले, आणि माती दाबण्याचा वेळ जाहिरातींना मिळाला.

शर्यती सुरू होण्याआधी हे तिघे म्हातारे माझा मागचा फाळका खाली पाडून त्यावर बसत आणि अमेरिकेतल्या शर्यतींच्या प्रकृतीची चर्चा करत.

"परवा जिंकला त्या पोराची मुलाखत ऐकलीस?" ऑरिन म्हणे. "तेलवाल्याचे आभार, टायरवाल्याचे आभार, कसल्याशा थंड पेयाचे आभार. देवाचं नाव सगळ्यात शेवटी."

"देवानं स्टिकर लावला नसेल," डेल्मार म्हणे.

"गाडी संगणकावर शिकलाय म्हणे."

"मग उलटूही दे की संगणकावरच. इथं कशाला येतोय?"

"बाप दातांचा डॉक्टर आहे त्याचा. त्यानं घेऊन दिलीय गाडी."

"तरीच. वळण आलं की पोरगं आ वासतं."

"आपल्या वेळी असं नव्हतं," व्हर्लिन उसासा टाके.

"आपल्या वेळी तू किती वेळा जिंकलास रे?" डेल्मार विचारे.

"दोनदा."

"एकदा. दुसऱ्या वेळी माझं चाक निखळलं होतं."

"ते काय मी काढलं होतं?"

"तपास अजून चालू आहे, गड्या."

मित्रांनो, ही सभा मी अनेक उन्हाळे ऐकली. निदान अचूक असे, उपचार कोणी सुचवत नसे. साम्राज्ये बुडताना विद्वानांच्या सभा अशाच भरत असणार. आमच्याकडे सँडविच तेवढे बरे मिळे.

मैदानाचा नवा व्यवस्थापक ट्रेंट मॅडॉक्स हा वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता येते. तो शर्यतीला 'उत्पादन' म्हणे, प्रेक्षकांना 'ग्राहक' आणि मातीला 'पृष्ठभाग'. ज्या वस्तूचे नावच बदलले, तिला तहान लागते हे त्याला कोण सांगणार?

त्या शनिवारी दक्षिणेकडून गरम वारा सुटला होता. पाण्याचा टँकर एकदाच फिरून गेला. सरावात एका गाडीचे पुढचे चाक तिसऱ्या वळणावरच्या खड्ड्यात आदळले, गाडी हवेत उडाली आणि नशिबाने चाकांवरच उतरली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. ऑरिन ट्रेंटला शोधत गेला. ट्रेंट माझ्याशेजारीच उभा होता, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"ट्रेंट, तिसऱ्यावर खड्डा पडलाय. ग्रेडर फिरव, पाणी मार आणि सगळ्यांना माती दाबायला लाव."

"प्रक्षेपण सुरू व्हायला आलंय, ऑरिन. आणि पृष्ठभाग तपासलाय आमच्या टीमनं."

"चालून पाहिलं?"

"ड्रोननं पाहिलं."

"ड्रोनला टाच असते का रे?"

ट्रेंट हसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेला. म्हाताऱ्यांच्या पाठीवर थाप मारणे हा त्यांचे म्हणणे न ऐकण्याचा सर्वांत सभ्य प्रकार आहे.

मुख्य शर्यतीच्या गाड्या रांगेत लागल्या. मी पहिल्या गाडीच्या मागे बंपर टेकवून उभा होतो. पुढून इशारा आला. व्हर्लिनने माझी किल्ली काढली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, खाली उतरला आणि फाळका पाडला. शेजारच्या ट्रकमधून डेल्मारने देह वळवून हे पाहिले आणि आपलीही किल्ली काढली. मग ऑरिनने. आधी काही ठरले नव्हते. बोलायचे ते इतकी वर्षे बोलून झाले होते.

मित्रांनो, ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. मैदानात हजारो घोड्यांचे बळ उभे होते आणि त्यातला एकही घोडा पाऊल उचलू शकत नव्हता, कारण तीन म्हातारे माझ्या फाळक्यावर बसून पोर्क टेंडरलॉइनचे सँडविच खात होते.

ट्रेंट धावत आला. "व्हर्लिन, काय चाललंय हे?"

"जेवण."

"आत्ता?"

"पोटाला प्रक्षेपण कळत नाही, बाळा."

"ट्रक बिघडलेत का तुमचे?"

"ट्रक ठणठणीत आहेत. तुझी माती आजारी आहे."

"उद्यापासून मी तुम्हाला फाटकाच्या आत येऊ देणार नाही."

"नको देऊस. पण आज खड्डा भर."

प्रेक्षक शिट्ट्या मारू लागले. कोणाविरुद्ध, याविषयी तुम्ही कल्पनाविलास करू नये म्हणून सांगतो: या तिघांविरुद्ध. ट्रेंटने मग स्वतःचा नवा कोरा पिकअप आणवला आणि रांगेतल्या शेवटच्या गाडीला धक्का द्यायला लावला. त्याचा बंपर प्लास्टिकचा होता. अंडे फुटावे तसा आवाज झाला आणि बंपर मातीत पडला. त्या संध्याकाळी लोक प्रथमच मनापासून हसले. मी हसलो नाही. जातभाईचे नाक तुटताना पाहण्यात कसला आनंद?

माझ्या पुढ्यातली पहिली गाडी ब्रिन व्हिटलॉकची होती. या मोसमात सर्वाधिक गुण तिचे होते. तिला पाहायला इंडियानाहून एका मोठ्या संघाचा माणूस आला होता, आणि असा माणूस आयोवातल्या पोरीसाठी दुसऱ्यांदा येत नाही. ती गाडीतून उतरून आली ती तापूनच.

"म्हातारबा, ढकलणार आहात की नाही? इंडियानाचा माणूस घड्याळ बघतोय तिकडे."

"त्याला तू कशी दिसायला हवी आहेस?" डेल्मारने विचारले. "चाकांवर की पाठीवर?"

"तुम्हाला कुरकुरीशिवाय काय येतं हो? आमच्या वेळी असं होतं, आमच्या वेळी तसं होतं."

"खरं आहे," डेल्मार म्हणाला. त्याने सँडविच बाजूला ठेवले आणि अख्खा देह तिच्याकडे वळवला. "आता तिसऱ्या वळणावर जा आणि टाच मार. टाच रुतली तर धक्का मी देतो. वर तुझी माफी मागतो."

त्यांना खोटे पाडायच्या जिद्दीने ती निघाली. सारे मैदान तिच्याकडे पाहत होते. वळणावर पोहोचून तिने टाच मारली. धूळ उडाली. तिने आणखी पुढे जाऊन मारली, पुन्हा धूळच. मग ती खड्ड्यापाशी उभी राहिली आणि तिने आत पाय घातला. तो घोट्याच्याही वर गेला.

परत येताना ती सावकाश चालत होती. तिने हेल्मेट काढले आणि माझ्या बॉनेटवर ठेवले.

तिच्या मागच्या गाडीतला चालक उतरला. त्याच्या मागचा उतरला. दातांच्या डॉक्टरचा मुलगाही उतरला. तेव्हा कुठे ट्रेंटने ग्रेडर मागवला, आणि तो चालवता येणारा माणूस त्याच्याकडे कोणी नसल्यामुळे त्याला ऑरिनलाच विनंती करावी लागली. ऑरिनने आधी सँडविच संपवले. मग खड्डा भरला, टँकर फिरला, आम्ही तिघांनी सगळ्या गाड्या सुरू करून दिल्या आणि कित्येक वर्षांनी सर्वांनी मिळून माती दाबली. ब्रिनच्या गाडीच्या अंगावर थंड पेयाच्या स्टिकरचा एक निळा वाघ होता. तो दुसऱ्याच फेरीत चिखलात दिसेनासा झाला.

मग शर्यत झाली. शेवटाकडे तिसऱ्या वळणावर ब्रिनचे चाक शेजारच्या गाडीला घासले, तिची गाडी आडवी सरकत नेमकी भरलेल्या जागेवरून गेली, आणि सरळ होऊन पुढे निघाली. झाले ते एवढेच. ती चौथी आली. इंडियानाचा माणूस खोळंबा संपण्याआधीच निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी बातमी आली: तीन नाराज ज्येष्ठांमुळे शर्यतीला विलंब. खड्ड्याचा उल्लेख नव्हता, कारण खड्डा आता नव्हताच. मित्रांनो, झालेल्या अपघाताला साक्षीदार मिळतात, छायाचित्रे मिळतात, चौकशी समितीही मिळते. टळलेल्या अपघाताच्या वाट्याला फक्त टाळणाऱ्यांची बदनामी येते. डेल्मारच्या अपघातानंतर मैदानात शांतता पाळली होती, लोक रडले होते. त्याने ब्रिनचा अपघात टाळला, तेव्हा लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले.

मोसम संपताना तिघांचा सत्कार झाला. टाळ्या झाल्या, स्मृतिचिन्हे दिली गेली आणि किती आदराने त्यांना घरी पाठवत आहोत हे ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले. आता धक्का द्यायला एकसारखे नवे ट्रक आहेत. इशारा आला की ढकलायचे, एवढेच त्यांच्या चालकांना शिकवले आहे.

मला मात्र मैदानाने ठेवून घेतले आणि फाटकाशी विटांवर उभे केले आहे. मला लाल रंग दिला. ओकची फळी कळकट दिसते म्हणून काढली आणि चकचकीत पट्टी लावली. समोर पाटी आहे: 'आमचा गौरवशाली वारसा'. ती पाहून डेल्मार म्हणाला, "मेल्यावर पावडर लावतात तसा दिसतोय." ते तिघे अजून दर शनिवारी घडीच्या खुर्च्या घेऊन माझ्या सावलीत बसतात, आणि चाक निखळल्याचा तपास चालू आहे.

ब्रिन मात्र प्रत्येक शर्यतीआधी तिसऱ्या वळणावर चालत जाते आणि टाच मारते. धूळ उडाली तर ती गाडीत बसत नाही, बाजूला हाताची घडी घालून उभी राहते. इशारा येतो, नवा ट्रक रिकाम्या गाडीला बंपर टेकवून थांबून राहतो. कधी तिच्याबरोबर आणखी दोघे उभे राहतात, कधी कोणीच नाही. टँकर येतो तो शिव्या देतच येतो, पण येतो.

म्हणून, मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी सांगणार नाही. माझी ती जरुरीपेक्षा जास्त घेतली गेली आहे. जत्रेला आलात तर माझ्या टपावर चढून खुशाल फोटो काढा, त्यासाठीच मला रंगवले आहे. पण नंतर आत जा आणि टाच मारून पाहा. आणि मोठेपणी तुमच्या हाती एखादी किल्ली आली, पुढून इशारा आला आणि पायाखाली धूळ उडाली, तर ती किल्ली खिशात ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही हे लक्षात असू द्या.

माझी किल्ली अजून व्हर्लिनच्या सदऱ्याच्या खिशातच आहे. शोभेच्या वस्तूलाही किल्ली असते, हे ट्रेंटला सुचले नसावे.