बटणांच्या खणातलं बूच

मी लाकडी बूच बोलतोय. बाटलीचं नव्हे हो, होडीचं! दिसायला अगदी गाजर. एक टोक बोटाएवढं, दुसरं मुठीत मावेल न मावेल इतकं जाड. मला बघून आजवर कुणी 'वा!' म्हटलेलं नाही. पण बसा जरा, ऐकून तर जा. ऐकायला पैसे पडत नाहीत.

माझा जन्म एका म्हाताऱ्या काताऱ्याच्या लेथवर झाला. त्याचा धंदा भोवऱ्यांचा. ज्या ओंडक्यातून मी निघालो, त्याच ओंडक्याचे भोवरे त्याने आधी विकले होते, आणि पहिल्या ओल्या दिवशी सगळे परत आले. "पाणी लागलं की हे लाकूड फुगतं," तो कपाळावर हात मारून म्हणाला. "पोरं म्हणतात, भोवरा फिरत नाही, नुसता रुसून बसतो."

शेजारी होडीच्या सामानाचा दुकानदार चहा पीत बसला होता. त्याने कान टवकारले. "फुगतं? मग उरलेलं सगळं लाकूड माझं. भोवरे नकोत, बुचं कर." एका दुकानातला टाकाऊ माल दुसऱ्या दुकानात सोनं असतो, गिऱ्हाईक तेवढं नेमकं गाठावं लागतं. हे मी जन्मतःच शिकलो.

त्याचं दुकान बंदरामागच्या बोळात होतं. दोरखंडांची भेंडोळी, कप्प्या, रंगाचे डबे, भिंतीला टेकलेले नांगर. आम्ही बुचं गल्ल्याशेजारी बिस्किटांच्या जुन्या डब्यात. तिथून माणसं छान दिसत. एकदा एकाने होकायंत्र घेतलं, रेडिओ घेतला, टोपीसुद्धा घेतली. दुकानदाराने बूच पुढे केलं तर म्हणाला, "हे काय खेळणं?" दुकानदार हसला आणि त्याच्या पिशवीत गुपचूप दोन बुचं टाकली. तो गेल्यावर स्वतःशीच म्हणाला, "टोपी घालून कुणी तरंगत नाही."

मग एक दिवस मास्तर आले. मास्तर म्हणजे शिंपी. उभा जन्म लोकांचे कोट शिवले, आणि दुकान मुलीच्या हाती देऊन एक जुनी शिडाची होडी घेतली. आत दोन माणसं झोपतील अशी खोली, ओटा, छोटं शौचालय. शिडं स्वतः शिवलेली, टाका असा की बघत राहावं.

"मास्तर, होडीच्या तळाला भोकं किती?" दुकानदाराने विचारलं.

"भोकं? अहो, नीट बघून घेतलीय मी!"

"नीट बघितली असती तर मोजली असती. इंजिनाला पाणी लागतं, शौचालयाला लागतं, ओट्याचं सांडपाणी जातं, सगळं तळातूनच ना? भोकावर तोटी, तोटीवर नळी. नळी निसटली आणि तोटी अडकली, की समुद्र तुमच्या घरी पाहुणा."

मास्तरांनी बोटं मोजत हिशेब केला. "पाच."

दुकानदाराने पाच बुचं मोजून पुढे ठेवली. "ही फुकट. पण ऐकायचं माझं. प्रत्येक भोकापाशी एकेक दोरीने बांधा. तोट्या अधूनमधून उघडबंद करत राहा, नाहीतर गंजून बसतील. नळीला एक नाही, दोन पट्ट्या आवळा. आणि होडीत जो पाय ठेवेल त्याला ही भोकं दाखवा."

मास्तरांचा चेहरा उतरला. "घरच्यांनाही?"

"का? घरच्यांना समुद्र ओळख दाखवतो का?"

मास्तरांचा चेहरा का उतरला, ते मला होडीवर गेल्यावर कळलं. कारण म्हणजे बाई, मास्तरांची बायको. बाईंना पोहता येत नव्हतं. होडी घेतली त्याच दिवशी त्यांनी अट घातली होती, "येईन मी तुमच्याबरोबर. पण ज्या दिवशी खोलीत माझे पाय ओले होतील, त्या दिवशी होडी विकायची. मान्य?" मास्तरांनी मान्य केलं. दुसरं काय करणार? होडीवर जीव, आणि बाईंशिवाय एकट्याने जाण्यात मन नाही.

आता अशा बाईंना दाखवायचं, की बघ, तू बसतेस त्याच्याखाली भोक आहे? मास्तरांनी आम्हा पाचही जणांना एका खणात टाकलं आणि वर चिठ्ठी चिकटवली, 'जुनी बटणं'. वरून खरोखरची बटणंही ओतली. नुसत्या धाकापोटी नव्हे हो, मायेपोटीच. पण मायेने झाकलेलं भोकही भोकच.

एरवी मास्तर दक्ष माणूस. वारा वाढेल अशी नुसती शंका आली की शीड लहान करायचे. म्हणायचे, "कापायच्या आधी मापायचं." चालताना एक हात कामाला, एक हात होडीला. निघताना कुठे जातोय, कधी परततोय, ते मुलीला सांगून निघायचे. फक्त तोट्यांच्या कपाटाला बाईंसमोर कधी हात लावला नाही, आणि बाई तर कायम बरोबर! त्यामुळे तोट्या जागच्या जागी गंजल्या. नळीची दुसरी पट्टीही राहूनच गेली.

मी मात्र मजेत होतो. बटणांचा सहवास वाईट नसतो. बाई वर बसून विणायच्या, मास्तर गुणगुणायचे, संध्याकाळी किटलीचा आवाज यायचा. तीन उन्हाळे असे गेले.

मग ती दुपार. बाईंच्या बहिणीच्या गावी निघालो होतो. तिथल्या बंदराचं तोंड अरुंद, दोन्ही बाजूंना खडक, वारा मागून ढकलतोय. मास्तर सुकाणूला चिकटलेले. बाई खाली किटली धरायला गेल्या आणि ओरडल्या, "अहो! माझे पाय ओले झाले!"

मास्तर सुकाणूवरूनच म्हणाले, "चाखून बघ. गोडं असेल तर आपलीच टाकी गळतेय."

"खारट आहे!"

"अगं... शौचालयातलं खालचं कपाट उघड. तिथे एक भोक आहे."

"भोक?"

"पाच आहेत."

"पाच? तीन वर्षं मी पाच भोकांवर बसून स्वेटर विणले?"

"नंतर भांड! नळी निसटली असणार, तोटी बंद कर!"

तोटी हलेना. बाईंनी दोन्ही हातांनी जोर लावला, तरी हलेना. पाणी कारंज्यासारखं उसळत होतं. तेव्हा त्यांनी जे सुचलं ते केलं, तळहात भोकावर दाबला. पाणी जवळजवळ थांबलं. शाबास! घाबरलेल्या माणसाचा हातसुद्धा मोठं बूच असतं. पण हे बूच भोकाला लावलं की माणूसही तिथेच अडकतो, ही मुख्य अडचण.

"मी येऊ का खाली?"

"खडक दिसतायत ना तुम्हाला? मग सुकाणू सोडू नका! मला सांगा, काय करू!"

"बटणं! बटणांच्या खणात बघ!"

"बुडतोय आपण, आणि तुम्हाला बटणं हवीत?"

"बुचं आहेत तिथे! लाकडी!"

मी दोरीने तिथेच टांगलेला असतो, तर बाईंच्या दुसऱ्या हाताला लागलो असतो. आता त्यांना हात काढावा लागणार होता, आणि समुद्र तेवढीच वाट बघत होता. त्यांनी हात काढला. पाणी उसळलं. पावलं थपथपत आली, खण ओढला गेला, अख्खा खण जमिनीवर उपडा झाला. बटणं पाण्यात पसरली. बाईंनी आमच्यातल्या दोघांना उचललं. पहिला भाऊ फार जाड, शिरेना. मग मी.

मला घुसवलं आणि खलातला बत्ता घेऊन डोक्यावर ठोकलं. एक, दोन, तीन. प्रत्येक घावाला बाई काहीतरी म्हणत होत्या. ते मास्तरांबद्दल होतं, म्हणून सांगत नाही.

मग मी पाणी प्यायलो, आणि फुगलो. ज्या गुणापायी माझे भाऊ भोवरे म्हणून नापास झाले, त्याच गुणाने मी ते भोक असं धरलं की थेंब आत येईना. सगळं आयुष्य मी याच रुसव्यासाठी जपून ठेवलं होतं.

मास्तरांनी होडी खडकांमधून सुखरूप आत नेली, नांगर टाकला आणि खाली आले. बाई ओल्या पायांनी बाकावर बसलेल्या. मास्तर समोर उभे. "विकतो," ते म्हणाले. "अट ती अट."

बाईंनी पदराने हात पुसले. "आधी बाकीची चार दाखवा."

मास्तरांनी फळ्या उचलल्या, कपाटं उघडली. बाई टॉर्च घेऊन प्रत्येक भोकापाशी वाकल्या, प्रत्येक तोटीला हात लावला. शेवटचं बघून झाल्यावर म्हणाल्या, "एवढीच?"

"एवढीच."

"मला वाटायचं, समुद्र कुठूनही आत येईल. म्हणून रात्रभर कान लावून पडायची मी. हा तर पाचच दारांनी येतो की हो!" मग मास्तरांकडे रोखून बघत, "होडी राहू द्या. पण पुन्हा माझ्यापासून काही लपवलंत तर होडी ठेवीन, तुम्हाला विकीन. गिऱ्हाईक मिळालं तर."

मास्तर खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

आता होडीत सगळं बदललंय. नळ्यांना दोन-दोन पट्ट्या, तोट्यांना तेल. दर रविवारी बाई स्वतः त्या उघडबंद करतात. प्रत्येक भोकापाशी त्याच्या मापाचं बूच लाल लोकरीने बांधलेलं आहे. माझ्या जागी नवा गडी आलाय. एकदा फुगून सुकलो, त्यात मला चीर पडली. चिरलेल्या बुचावर भरवसा ठेवू नये, हे मी स्वतःच सांगतो. बाईंनी मला ओट्यावर, किटलीशेजारी खिळ्याला अडकवलंय.

होडीवाल्यांनो, निघताना गल्ल्याशेजारचा डबा विसरू नका. बूच खणात नको, भोकापाशी बांधा. आणि जे तुमच्याबरोबर येतात, त्यांना चहाच्या आधी भोकं दाखवा. माणूस भोकाला घाबरत नाही, न दाखवलेल्या भोकाला घाबरतो.

परवा बाईंची बहीण आली होती. खोलीत पाय टाकताच बाईंनी मला खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिलं.

"हे गं काय?" ती म्हणाली. "खेळणं?"

"बस," बाई म्हणाल्या. ती बाकावर टेकली. "आता उठ. तू बसलीस ना, त्याच्याखाली एक आहे."