तिसरी लहर

भिंगरीला हे नाव बाबांनीच ठेवलं होतं, कारण तिला एका जागी बसवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं! बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवरून पडले, त्याला आता दोन महिने होत आले होते. डोळे उघडे असायचे, पण त्यातून कुणी बघतंय की नाही, ते कळत नव्हतं.

ते शोधायचं काम मावशीकडे होतं. आईची ही धाकटी बहीण त्याच रुग्णालयात मेंदूच्या लहरींचं गणित करायची. बाबांच्या डोक्यावर चिकट मलम लावून वायरी बसवल्या होत्या. मेंदूचा कपाळाकडचा भाग मानेकडच्या भागाशी बोलतोय असं सापडलं, तर डॉक्टर बाबांना पुनर्वसन विभागात घेणार होते. नाहीतर घरी न्या, म्हणाले होते. घरी न्या म्हणजे काय, हे न कळण्याइतकी भिंगरी लहान नव्हती.

"पण लहरी बोलतात हे कळतं कसं गं?"

"आईची भुवई वर गेली की बाबा काय म्हणणार, हे तुला आधीच कळायचं ना?"

"'चुकलं बाई माझं, पण आधी ऐकून तर घे!'" भिंगरीने हुबेहूब बाबांचा आवाज काढला.

मावशी हसली, मग तिने नाक पुसलं. "भुवई पाहिल्यामुळे तुझा अंदाज जेवढा सुधारला, तेवढी माहिती भुवईकडून बाबांकडे गेली. इथेही तेच. मानेकडची लहर कशी वळेल, हे आधी तिच्याच चालीवरून ओळखायचं. मग कपाळाकडची लहरही बघायची. अंदाज सुधारला, तर ती हिला काहीतरी सांगतेय."

चाचणीत भिंगरी पलंगाशेजारच्या उंच स्टुलावर बसून बाबांना शाळेतल्या गमती सांगत होती. ती बोलायला लागली की अंदाज किती सुधारला त्याचा पडद्यावरचा आकडा चढायचा, गप्प झाली की घसरायचा! आईने मावशीला गच्च मिठी मारली. भिंगरीला तर आभाळ ठेंगणं झालं.

"वर्गात याच तोंडामुळे बाहेर उभी राहते मी," ती म्हणाली, "आणि इथे बघा!"

त्या रात्री आई कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

मावशीचा चेहरा मात्र उतरलेलाच. "सगळं एकाच संथ लहरीत कसं आलं?" ती पुटपुटत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने चाचणीचं चित्रीकरण लावलं. त्यात भिंगरी बोलत होती, हातवारे करत होती आणि तिच्या बुटाचं टोक पलंगाच्या दांडीवर एका लयीत आपटत होतं. वायरींची पेटी त्याच दांडीला लटकत होती. प्रत्येक ठोक्याला वायरी थरथरत होत्या.

मावशीने घाईघाईने चित्र थांबवलं. पण भिंगरीने पाहिलं होतं.

"मी हलवलं सगळं?"

"पेटी तिथे मी अडकवली, राणी." मावशी खुर्चीत मागे रेलली. "दोघं तिसऱ्याच्याच तालावर डोलत असले, की ते आपसात बोलताहेत असं वाटतं."

तिने पायाचा ताल तिसरी लहर म्हणून गणितात घेतला. त्या तालावरूनच जे कळत होतं, ते वगळलं. आकडा उरला तो तेवढाच, जेवढा लहरींचे तुकडे मुद्दाम उलटसुलट केले तरी निव्वळ योगायोगाने येतो.

"पुन्हा करू," भिंगरी म्हणाली.

पेटी भिंतीला टांगली. भिंगरीने मफलरने दोन्ही पाय स्टुलाला करकचून बांधून घेतले आणि ती बोलत सुटली. सगळे विनोद सांगितले. आईची नक्कल केली. शेवटी नुसतं "बाबा, बाबा" म्हणत राहिली. आकडा तसूभर हलला नाही.

"मावशी, डॉक्टरांना कालचाच आकडा दे ना."

"दिला तर बाबांना घेतील. आणि ज्या रुग्णाच्या लहरी खरंच बोलताहेत, त्याची तिथली खाट जाईल." मावशी खाली वाकून मफलरची गाठ सोडत होती, सुटत नव्हती. "आत काहीच नाही असं नाही म्हणत मी. मला सापडलं नाही."

तेवढ्यात आई आली. "काय म्हणतात आमचे बोलघेवडे?"

मावशीने कशीबशी गाठ सोडवली, पण मान वर केली नाही. भिंगरीने आईचा हात धरला. "आई, ते बोलत नव्हते. मी पाय आपटत होते, त्याच्या लहरी होत्या त्या. आज पाय बांधून पुन्हा केलं."

आईची भुवई वर गेली नाही. ती बाबांकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आता वायरी काढणार?"

मावशीने मान हलवली आणि एकेक वायर सोडवली. केसांत मलमाच्या गाठी झाल्या होत्या. आईने पदर खोचला, तसराळं आणि कोमट पाणी आणलं. बाबांची मान हातावर तोलून ती बोटांनी गाठी सोडवू लागली.

"फार गरम नाही ना हो?" तिने विचारलं आणि हात थांबवला.

भिंगरीने पाण्यात कोपर बुडवून पाहिलं.

"नाही गं आई," ती म्हणाली. "बरोबर आहे. घाल."